वरचा मजला भाड्याने देताना

आमच्या जुळे सोलापुरातल्या घराचा वरचा मजला मुलासाठी बांधला होता. पण इथल्या बऱ्याच घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी, सगळं कुलपात. शेवटी आम्ही नवरा-बायकोने ठरवलं की मजला भाड्याने द्यायचा.

शेजारी म्हणाले, त्यात काय एवढं, चावी द्यायची आणि पाच तारखेला भाडं घ्यायचं. मला ते पटेना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बदली होईल तिथे भाड्याच्या घरात राहिले. मालकाचा मूड असेल तेव्हाच मोटर चालू व्हायची अशा घरात राहिले आणि छत गळतंय म्हटल्यावर 'बादली लावा' असं सांगणाऱ्या मालकाकडेही राहिले. त्यामुळे भाडं घेणाऱ्याने त्या पैशाच्या बदल्यात काय द्यायला हवं, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नव्हता. पाणी, बिनधोक वीज, न गळणारं छत आणि कागदावर दाखवता येईल असा पत्ता. घर रिकामं आहे एवढ्यावरून ते भाड्याने देण्याजोगं होत नाही.

सुरुवात पाण्यापासून केली. सोलापुरात घर बघायला आलेला माणूस खोल्यांच्या आधी पाणी विचारतो. नळाला किती दिवसांआड येतं, हौद केवढा आहे, बोअर आहे का. उजनी धरण आपल्यापासून शंभर किलोमीटरवर, आणि नळाची पाळी तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही लांबते. पाणी सोडणं मालकाच्या हातात नाही हे खरं, पण आलेलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरेल अशी साठवण करून देणं पूर्णपणे त्याच्याच हातात आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. तीन माणसं आणि पाच दिवस धरले तर दोन हजार लिटरच्या वर जातं. आमच्या गच्चीवर एकच हजार लिटरची टाकी, तीही आम्ही खालची दोघं वापरत होतो. त्याच टाकीवर दुसरं कुटुंब जोडलं असतं तर वर कपडे धुवायला काढले की खाली तोटीतून नुसती हवा, आणि मग रोजची धुसफूस. ती भांडणं माणसांच्या स्वभावामुळे होतात असं आपण म्हणतो. मला विचाराल तर निम्मी भांडणं एकाच टाकीमुळे होतात.

म्हणून वरच्या मजल्याला स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र लाइन टाकून घेतली. हौदावरची मोटर लावली की दोन्ही टाक्या भरतात. बोअरचं पाणी जड आहे, ते फक्त संडास आणि धुण्यासाठी वेगळ्या नळाला दिलं. हौद उपसून घासून घेतला. त्याचं जुनं पत्र्याचं झाकण कडेला कुजलं होतं, ते बदलून कुलपाचं जाड झाकण बसवलं. येणाऱ्या कुटुंबात लहान मूल असू शकतं, आणि अंगणातल्या हौदाचं कुजकं झाकण ही मूल जाण्याची जागा असते. बाकी कशावर काटकसर करायची असेल तर करा, हौदाच्या झाकणावर करू नका.

विजेचं काम करायला आलेल्या माणसाने आधी अर्थिंग तपासलं. वरच्या मजल्याला अर्थिंगची वायर होती, पण जमिनीत पुरलेली पट्टी गंजून तुटलेली. नवीन अर्थिंग केलं आणि मुख्य बोर्डात तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवला. मोटर, गिझर, वॉशिंग मशिन यांत कुठे वीज पाण्यात उतरली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. बाथरूममध्ये मुलाच्या वेळचा गॅस गिझर होता. तो काढून बाल्कनीतल्या मोकळ्या हवेत नेला आणि पाइप आत घेतला. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, अंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते. आपल्या घरात राहायला येणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं धरून चालत नाही. बसवणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

महावितरणचं वेगळं मीटरही तेव्हाच घेतलं. आमच्या गल्लीत बरेच जण मालकाच्याच मीटरवर छोटं सबमीटर लावतात आणि युनिटमागे ठोक दर घेतात. घरगुती वीज शंभर युनिटपर्यंत एका दराने, त्यापुढे तीनशेपर्यंत वरच्या दराने आणि त्याहून पुढे आणखी वरच्या दराने मिळते. दोन घरांचे युनिट एका मीटरवर आले की दोघंही वरच्या टप्प्यात जातात, आणि तो भुर्दंड बहुतेक वेळा भाडेकरूच्या गळ्यात पडतो. वेगळं मीटर असलं की ज्याचं बिल त्याच्या हातात.

मग लोक घर बघायला येऊ लागले. या टप्प्याबद्दल एकच सांगते. ओळखीतून निरोप घेऊन येणारे पहिल्यांदा आडनाव सांगायचे, आम्ही विचारायच्या आधीच. कारण त्यांना सगळीकडे तेच विचारलेलं असतं. पूर्व भागात तेलुगू, बाळीवेशीकडे कन्नड, शेजारच्या मोहल्ल्यात उर्दू बोलणाऱ्या या शहरात घर देताना आडनाव आणि स्वयंपाकघरातला वास तपासला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही ठरवून तीनच गोष्टी विचारल्या. किती माणसं राहणार, काम काय आणि कुठे, आधीचं घर का सोडताय.

आले ते जोडपं पूर्व भागातलं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, ती एका दवाखान्यात नर्स, आणि पहिलीत जायच्या वयाची मुलगी. घर आवडलं. भाडं नऊ हजार आणि अनामत तीस हजार ठरलं. उठता उठता ती दारात थांबली आणि म्हणाली, "काकू, एक विचारू? करार रजिस्टर करून द्याल का? आधीच्या मालकांनी नाहीच म्हणलं."

मुलीला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागेवर, शाळेत घालायचं होतं. भाड्याने राहणाऱ्यांना त्या अर्जासाठी राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरारच लागतो, बाँडवर केलेली नोटरी चालत नाही. करार अर्जाच्या आधीच्या तारखेचा असावा लागतो. घरापासून शाळेचं अंतर मोजून प्रवेशात प्राधान्य ठरतं, म्हणजे पत्ता हाच सगळ्याचा पाया. मी शाळेत असताना कागद नाही म्हणून परत जाणारे आईबाप पाहिलेत. त्यांच्या हातात भाड्याच्या पावत्या असायच्या, लाइट बिल असायचं, पण ते मालकाच्या नावाचं. एका कागदाला मालक नाही म्हणतो आणि मूल एका शाळेला मुकतं. त्या मालकाला ते कधी कळतही नाही.

करार रजिस्टर करणं हा मालकाचा उपकार नाही, हे मी तिला तिथेच सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय उद्या वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही असं जो तो सांगतो. ते आलंय १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. आपल्या राज्यात कलम ५५ आल्यापासून ती पळवाट राहिलेली नाही, तरी नोटरीवाल्यांच्या टेबलावर रोज अकरा महिन्यांचे बाँड होतातच.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून आमचा हिशेब देते. अकरा महिन्यांचं भाडं ९९,००० रुपये. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं २,७५० रुपये. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे अडीचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये. वर करून देणाऱ्याची मजुरी. सगळं मिळून जे झालं ते आम्ही निम्मं-निम्मं भरलं. आता तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावंही लागत नाही. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन पद्धतीत माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, मालक, भाडेकरू आणि साक्षीदार आधारवर अंगठा देतात, फोटो निघतो. माझा अंगठा काही केल्या उठेना. खडूने झिजलेली बोटं असावीत. गार पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून जमलं. वयस्कर मालकांनी हे ध्यानात ठेवावं, यंत्रवाल्याला घाई करू देऊ नये.

मसुदा मात्र मी छापील घेतला नाही. छापील मसुद्यात 'सर्व दुरुस्त्या भाडेकरूने करावयाच्या' असं एक वाक्य असतं आणि दोघंही न वाचता सही करतात. कायद्याच्या कलम १४ नुसार, उलट काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवायला मालक बांधील असतो. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून तो खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. आमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र करारात लिहिलं असेल त्यालाच वजन. म्हणून ते वाक्य काढायला लावलं आणि कोणती दुरुस्ती कुणाची हे लिहून घेतलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा जो नमुना काढला, त्याच्या परिशिष्टात अशी वाटणी दिलेली आहे, ती समोर ठेवली. भिंती-छत, रंग, पाण्याचे पाइप, विजेचं आतलं-बाहेरचं वायरिंग मालकाकडे. तोटीचा वॉशर, स्विच आणि सॉकेट, फुटलेली काच, तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. आमच्या घरापुरतं त्यात तीन ओळी घातल्या. हौद आणि टाक्या वर्षातून दोनदा मालकाने साफ करून द्यायच्या. नळ आल्यावर मोटर लावायची जबाबदारी मालकाची, मग पाणी रात्री दोनला का येईना. आणि आम्हाला वर यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून, दिवसाउजेडी.

या शेवटच्या ओळीवर आमच्या घरात चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, आपल्याच घरात जायला कसली परवानगी? मी म्हटलं, भाडं घेतलं त्या दिवसापासून ते त्यांचं घर, आपण फक्त मालक. ह्यांना पटायला वेळ लागला. पण पुढे दोन वर्षांत ते एकदाही न सांगता वर गेले नाहीत, हे मला इथे लिहिलं पाहिजे.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं सोपं निघालं. फॉर्म, फोटो, आधार, आधीचा पत्ता आणि कामाचं ठिकाण. पोलीस ठाण्यात देता येतो, राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. पोलीस आयुक्तालयाचा तसा आदेश लागू असताना मालकाने ही माहिती दडवली तर त्याच्यावर गुन्हा नोंदतात, पूर्वी भारतीय दंडविधानाच्या १८८ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या २२३ खाली. एवढंच.

चावी देताना घराची यादी केली. पंखे, ट्यूब, तोट्या, कड्या, खिडकीच्या जाळ्या, मीटरचं रीडिंग, आणि भिंतीवरच्या आधीच्या चिरांचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये. दर महिन्याला भाडं बँकेत आलं तरी पावती देत गेले. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेल्यामुळे पगारातल्या घरभाडे सवलतीसाठी तिच्या दवाखान्याने मालकाचा पॅन मागितला, तो दिला. पॅन द्यायला मालक कचरतात, कारण भाडं उत्पन्नात दाखवायचं नसतं. त्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, भरलेला महापालिकेचा कर आधी वजा होतो. एवढी सूट असताना दुसऱ्याची सवलत बुडवायची कशाला?

उन्हाळा आला तेव्हा खरी परीक्षा झाली. पारा चाळिशीच्या वर गेला की वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. ती रात्रपाळी करून यायची आणि दिवसा झोप लागायची नाही. तिने तक्रार केली नव्हती, मुलीच्या अंगावरचं घामोळं बघून मला कळलं. गच्ची घासून तिच्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दोन हात लावला. खोलीतला फरक त्यांना दुसऱ्याच दिवशी जाणवला. गच्चीची एक चावीही त्यांना दिली. सोलापुरात उन्हाळ्यात गच्चीवर चटई टाकून झोपतात, आणि भाडेकरूला ती गच्ची बंद ठेवणं मला जिवावर आलं असतं.

पहिल्या मोठ्या पावसात रात्री फोन आला. "काकू, वरनं पाणी येऊलालंय." स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ट्यूबच्या अगदी जवळ ओल होती. ह्यांनी आधी त्या खोलीची वीज बंद करायला लावली, मगच वर गेलो. सकाळी मिस्त्री आला. गच्चीच्या पन्हाळीपाशी सांधा सुटला होता. तो फोडून वॉटरप्रूफिंग करायला, वाळायला आणि आतला गिलावा परत करायला पावसामुळे वेळ लागला. तितके दिवस त्यांचा स्वयंपाक आमच्या खालच्या गॅसवर झाला, आणि त्या महिन्याचं निम्मं भाडं आम्ही घेतलं नाही. करारात तसं नव्हतं. पण स्वयंपाकघराचे पैसे घ्यायचे आणि स्वयंपाकघर द्यायचं नाही, हे कोणत्या हिशेबात बसतं?

मुलीला शाळा मिळाली, घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. करार दुसऱ्यांदा केला तेव्हा भाडं पाचशेने वाढवलं, तेही मुदत संपायच्या दोन महिने आधी बोलून.

पुढे त्यांनी स्वतःचं छोटं घर घेतलं आणि मजला सोडला. अनामतीवरून आमच्यात पुन्हा बोलणं झालं. स्वयंपाकघराची भिंत फोडणीने पिवळी पडली होती, बाहेरच्या खोलीत खिळ्यांची भोकं होती, बाल्कनीच्या खिडकीची एक काच तडकलेली. ह्यांना रंगाचे पैसे कापायचे होते. मी यादी आणि फोटो काढले. दोन वर्षं स्वयंपाक झाला तर भिंत पिवळी होणारच, ती राहण्याने झालेली झीज आहे आणि रंग आपल्याकडे लिहिलाय. काच त्यांच्याकडे लिहिलीय, तिचे पैसे ते आपणहून देत होते. शेवटचं लाइट बिल आणि काच वजा करून उरलेली सगळी रक्कम चावी हातात आली त्याच दिवशी त्यांच्या खात्यात टाकली. नव्या घरी सामान हलवताना माणसाला पैसे लागतात. अनामत महिना-महिना अडवून ठेवण्याचा जो रिवाज पडलाय, त्याला काही आधार नाही. ते पैसे मालकाचे कधीच नसतात.

सध्या वर रंग चालू आहे. टाक्या धुऊन झाल्या, अर्थिंग पुन्हा तपासून घेतलं, गच्चीचा पांढरा रंग दिवाळीनंतर परत द्यायचा आहे. घर बघायला येणाऱ्यांना चहाबरोबर कराराचा मसुदा घरी न्यायला देते आणि सांगते की निवांत वाचा, खटकेल तिथे खूण करून आणा. परवा आलेले एक काका मोटरची ओळ वाचून म्हणाले, "रात्री दोनला खरंच उठणार का तुम्ही?" त्यांना वरच्या मजल्यावरच्या आधीच्या भाडेकरूंचा नंबर, त्यांना विचारून, दिला आहे.